सॉफ्टवेअर काढून परत टाकलं तरी तीच एरर येते? रजिस्ट्रीत मागे राहिलेली नोंद शोधायची कशी आणि काढायची कशी

सॉफ्टवेअर बिघडलं की आपण अनइन्स्टॉल मारतो, परत सेटअप चालवतो आणि बहुतेक वेळा काम होऊन जातं. पण कधीकधी सेटअपच अडून बसतो, म्हणतो की याचं दुसरं व्हर्जन आधीच इन्स्टॉल आहे, आणि तुम्ही बघता तर प्रोग्रॅम फाइल्समध्ये त्याचं फोल्डरसुद्धा नाही. किंवा इन्स्टॉल अगदी नीट होतं, उघडलं की तीच जुनी एरर, अक्षर न अक्षर तीच. मग लोक एकतर रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज नोंदवून ठेवतात ती जागा, झाडून काढणारे रजिस्ट्री क्लीनर आणून चालवतात नाहीतर वैतागून फॉरमॅट मारतात. मला हे बघवत नाही कारण बऱ्याचदा मामला एका नोंदीचा असतो आणि ती सापडली की पाच मिनिटांचं काम असतं. म्हणून जे पहिल्यांदाच रजिस्ट्रीत हात घालणार आहेत त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय.

एकच गोष्ट पक्की धरून चला. रजिस्ट्रीत शोधाशोध करत सुटायचं नाही. एरर नेमकी कुठली नोंद वाचून अडतेय ते आधी काढायचं आणि तेवढीच नोंद हलवायची. बाकीचा कचरा पडून राहिला तरी काही बिघडत नाही, खरंच नाही. रजिस्ट्री झाडासारखी असते, प्रोग्रॅम आपल्याला हव्या त्या फांदीचा पत्ता देऊन थेट तिथे जातो, त्यामुळे कधीकाळी काढलेल्या गेमच्या चारशे नोंदी कोपऱ्यात पडून असल्या तरी मशीन त्यामुळे स्लो होत नाही.

आणि हो, खाली सगळे पत्ते मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत, स्क्रीनवर ते इंग्रजीत दिसतील, त्यामुळे वाचताना डोक्यात जुळवून घ्या.

नोंदी मागे राहतातच कशाला

रजिस्ट्री विंडोज ३.१ पासून म्हणजे १९९२ पासून आहे, पण तेव्हा ती बरीच छोटी होती, प्रोग्रॅम आपली सेटिंग्ज आयएनआय नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचे. विंडोज ९५ नंतर सगळं रजिस्ट्रीत जायला लागलं. आज तुम्ही एक प्रोग्रॅम टाकता तेव्हा त्याच्या नोंदी पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. सेटिंग्ज एकीकडे, अनइन्स्टॉलची माहिती दुसरीकडे, सर्व्हिस (खिडकी न उघडता मागे चालत राहणारा भाग) असेल तर ती तिसरीकडे, राईट क्लिकच्या मेनूत काही घुसवलं असेल तर ते चौथीकडे.

काढताना काही नोंदी मुद्दाम ठेवल्या जातात. तुमचं लायसन्स, तुमची आवडती सेटिंग्ज वगैरे, म्हणजे परत टाकलंत तर सगळं जसंच्या तसं मिळावं. हेतू चांगला आहे, पण बिघाड त्या सेटिंगमध्येच असेल तर काढून परत टाकण्याचा शून्य उपयोग होतो कारण नवीन कॉपी येऊन तीच जुनी सेटिंग उचलते. दुसरं कारण म्हणजे अनइन्स्टॉल अर्धवट राहणं, मध्येच लाईट गेली, मध्येच कोणी कॅन्सल दाबलं. आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त त्रास देतं, ते म्हणजे अनइन्स्टॉल न करता फोल्डरच डिलीट करून टाकणं. फाइल्स गेल्या पण विंडोजच्या वहीत तो प्रोग्रॅम अजून हजर आहे.

हात लावायच्या आधी

पहिलं, रीस्टार्ट करा. शटडाऊन करून परत चालू करणं नाही, मेनूतून रीस्टार्टच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आणि ती चालू असेल तर शटडाऊन हा पूर्ण शटडाऊन नसतो, विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच जागा होतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. याचा आपल्याशी संबंध असा की अनइन्स्टॉलरला एखादी फाइल वापरात असल्यामुळे काढता आली नाही तर तो रजिस्ट्रीत "पुढच्या वेळी सुरू होताना ही काढ" अशी नोंद टाकून ठेवतो, आणि ते काम खऱ्या रीस्टार्टलाच होतं. दोन दिवस शटडाऊन-स्टार्ट करणाऱ्या माणसाला सेटअप सारखा "रीस्टार्ट बाकी आहे" म्हणत राहतो त्याचं कारण हेच. कित्येकांची एरर इथेच संपते.

दुसरं, रीस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीला परत नेता येईल. स्टार्टमध्ये "क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट" असं टाइप करा, खिडकी उघडेल, त्यात सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन ऑन आहे का बघा. खूप मशीनवर ते बंदच असतं, तर कॉन्फिगरमध्ये जाऊन चालू करा आणि मग क्रिएट. पूर्वी विंडोज स्वतःहून रजिस्ट्रीची एक कॉपी सिस्टम ३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरात, रेगबॅक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून ते बंद झालं, आता तिथे फाइल्स दिसल्या तरी त्या शून्य केबीच्या असतात. जुने लेख वाचून त्या भरवशावर राहू नका.

तिसरं, जी फांदी बदलणार आहात तिची वेगळी कॉपी. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रेजएडिट टाइप करा, एंटर, म्हणजे रजिस्ट्री एडिटर उघडेल. डावीकडे फोल्डरसारख्या दिसतात त्या कीज, आणि की वर क्लिक केलं की उजवीकडे दिसतात त्या तिच्या व्हॅल्यू. हव्या त्या की वर राईट क्लिक, मग एक्सपोर्ट, आणि फाइलला असं नाव द्या की महिन्याभराने वाचलं तरी कळेल काय आहे. हे दर वेळी करायचं, प्रत्येक की साठी. कारण रजिस्ट्री एडिटरला अनडू नाही आणि सेव्हचं बटणही नाही, डिलीट दाबलं त्या क्षणी ते गेलेलं असतं. अजून एक, ही एक्सपोर्ट केलेली रेग फाइल परत डबल क्लिक करून टाकली की गेलेल्या नोंदी परत येतात, बदललेल्या पूर्ववत होतात, पण मधल्या काळात ज्या नवीन पडल्या त्या निघत नाहीत. म्हणून रीस्टोअर पॉइंट आणि एक्सपोर्ट दोन्ही हवेत, एक असला की दुसरा नको असं नाही.

एरर नीट वाचा, नंबरसकट

इथे घाई करू नका. एररचा फोटो काढून ठेवा किंवा त्या खिडकीवर क्लिक करून कंट्रोल सी दाबा, विंडोजच्या साध्या मेसेज बॉक्सचा मजकूर तसाच कॉपी होतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

विंडोज इन्स्टॉलर म्हणजे एमएसआय प्रकारच्या (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉल यंत्रणेवर चालणाऱ्या) सेटअपचे नंबर ठरलेले आहेत आणि ते पाठ झाले की अर्धं काम झालंच. १६३८ म्हणजे दुसरं व्हर्जन आधीच नोंदलेलं आहे. १६०५ म्हणजे उलटं, तुम्ही काढायला निघालात पण विंडोजच्या वहीत तो प्रोग्रॅमच नाही. १६१२ म्हणजे मूळ सेटअपची फाइल सापडत नाही. १७१४ म्हणजे जुनं व्हर्जन काढता येत नाहीये म्हणून नवीन टाकता येत नाही. १४०२ आणि १४०६ म्हणजे की उघडता किंवा लिहिता येत नाही, म्हणजे बहुतेक परवानगीचा प्रश्न. १६१८ म्हणजे दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू आहे, थांबा किंवा रीस्टार्ट करा, रजिस्ट्रीकडे जाऊसुद्धा नका. राहिला १६०३, तो नुसतं "जमलं नाही" एवढंच सांगतो, त्यावरून काही कळत नाही. त्यासाठी सेटअप लॉगसकट, म्हणजे प्रत्येक पायरी फाइलमध्ये लिहून ठेवत, चालवावा लागतो, एमएसआय एक्झेक (असे सेटअप चालवणारी विंडोजची कमांड) ला स्लॅश एल, स्टार, व्ही असा पर्याय देऊन पुढे लॉग फाइलचं नाव द्यायचं. लॉग हजारो ओळींचा येतो, घाबरू नका, त्यात "रिटर्न व्हॅल्यू ३" एवढं शोधा आणि त्याच्या वरच्या वीसेक ओळी वाचा, खरं कारण जवळपास कायम तिथेच असतं.

सेटअप नीट होतो पण प्रोग्रॅम उघडताना एरर येते, हा पूर्ण वेगळा प्रकार आहे, त्याच्याकडे खाली येतो.

सेटअप अडत असेल तर

आधी सोपं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं फुकट टूल आहे, प्रोग्रॅम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर या नावाने त्यांच्याच साइटवर मिळतं. ते चालवा, विचारेल की अडचण इन्स्टॉलला आहे का अनइन्स्टॉलला, मग यादी देईल, त्यातून तुमचा प्रोग्रॅम निवडा. यादीत नाव नसेल तर "नॉट लिस्टेड" निवडून प्रॉडक्ट कोड, म्हणजे त्या प्रोग्रॅमचा लांबलचक ओळख क्रमांक, देता येतो, तो कुठे मिळतो ते खाली येतंय. हे टूल त्या एका प्रोग्रॅमच्या इन्स्टॉलरच्या नोंदी सगळ्या ठिकाणांहून काढतं, जे हाताने करायला गेलं तर एखादी हमखास राहते. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. आणि ते टूल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, दुसरीकडून नको.

यादीत नुसतं भूत राहिलं असेल, म्हणजे सेटिंग्जच्या अ‍ॅप्सच्या यादीत नाव दिसतंय पण अनइन्स्टॉल दाबलं की काहीच होत नाही, तर एचकी लोकल मशीन या सगळ्या युजरसाठीच्या फांदीतली ही की बघा: एचकी लोकल मशीन > सॉफ्टवेअर > मायक्रोसॉफ्ट > विंडोज > करंट व्हर्जन > अनइन्स्टॉल. विंडोज १० च्या १७०३ व्हर्जनपासून वरती पत्त्याची पट्टी आलीय, तिथे पत्ता पेस्ट करता येतो. इथे नाही सापडलं तर ३२ बिटवाल्या प्रोग्रॅमसाठी सॉफ्टवेअरच्या खाली वाव ६४३२ नोड नावाची की आहे, तिच्या आत पुन्हा मायक्रोसॉफ्टपासून हाच रस्ता. आणि तिथेही नसेल तर एचकी करंट युजरच्या खाली हाच रस्ता, कारण काही प्रोग्रॅम फक्त एका युजरपुरते बसतात. लोक पहिली जागा बघतात आणि "नाहीये" म्हणून सोडून देतात, तिन्ही बघा.

अनइन्स्टॉलच्या आत बऱ्याच कीज कंसातल्या लांबलचक आकड्यांच्या असतात, त्या प्रॉडक्ट कोडच्या. एकेकीवर क्लिक करून उजवीकडे डिस्प्ले नेम वाचा. तुमचा सापडला की अनइन्स्टॉल स्ट्रिंग काय आहे ते बघा, तिथे दिलेली फाइल डिस्कवर खरंच आहे का ते तपासा. असेल तर ती ओळ कॉपी करून कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा, बऱ्याचदा व्यवस्थित अनइन्स्टॉल होऊन जातं. फाइलच नसेल तरच एक्सपोर्ट करून ती एक की काढा. अनइन्स्टॉल या मुख्य कीवर चुकूनही डिलीट नको, आतली एकच.

आता १७१४ आणि १६१२. यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीय त्यामुळे जरा तपशिलात सांगतो. एका जुन्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर होतं, अपडेट चालू असताना मशीन बंद पडली, नंतर नवीन सेटअप चालवला की १७१४. मी तेव्हा प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर डिलीट केलं, वाटलं आता तरी जागा मोकळी झाली. काही फरक नाही, कारण सेटअप फोल्डर बघतच नव्हता. तो काय करतो तर आधी रजिस्ट्रीत बघतो की आपल्याच घराण्यातलं जुनं कोणी नोंदलेलं आहे का, असेल तर त्याला आधी काढायला जातो, आणि काढण्यासाठी त्याला त्या जुन्या व्हर्जनची एमएसआय फाइल लागते. ती कॉपी विंडोज फोल्डरच्या आत इन्स्टॉलर नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते. माझ्याकडे ती नव्हती, कारण काही महिन्यांपूर्वी सी ड्राइव्ह भरला म्हणून मी ते फोल्डर रिकामं केलं होतं. तेव्हा वाटलं होतं हे जुने सेटअप उगाच जागा खातायत. तर कृपा करून ते फोल्डर कधीच साफ करू नका, त्यातली एक फाइल गेली की त्या प्रोग्रॅमचं रिपेअर, अपडेट, अनइन्स्टॉल तिन्ही अडतात.

अशा वेळी पहिला उपाय रजिस्ट्री नाहीच. आधीचं तंतोतंत तेच व्हर्जन, जवळपासचं नाही, तेच, त्याचा सेटअप मिळवा आणि इन्स्टॉलर जेव्हा फाइल कुठे आहे असं विचारतो तेव्हा ब्राउज करून तो दाखवा. मिळाला तर अनइन्स्टॉल स्वच्छ होतं आणि नवीन बसतं. मला तो मिळाला नाही.

मग मी रेजएडिटमध्ये एचकी क्लासेस रूट > इन्स्टॉलर > प्रॉडक्ट्स उघडलं. तिथे बत्तीस अक्षरांच्या कीज रांगेने उभ्या असतात, ना कंस ना डॅश, आणि अनइन्स्टॉलमधला प्रॉडक्ट कोड इथे शोधला तर सापडतच नाही. कारण इथे तो उलटा करून लिहिलेला असतो. समजा कोडचा पहिला गट ४ए७सी९१ई२ असा आहे, तर इथे की ची सुरुवात २ई१९सी७ए४ अशी दिसेल, उजवीकडून डावीकडे. पुढचे दोन गटही असेच पूर्ण उलटे, आणि शेवटच्या दोन गटांत दोन-दोन अक्षरांच्या जोड्या आपापसात उलट. हे कळलं तेव्हा कुठे रस्ता सापडला. पण सरावाचं सांगायचं तर उलटं करत बसायची गरज नाही, प्रॉडक्ट्सवर उभं राहून कंट्रोल एफ दाबा, प्रोग्रॅमचं पूर्ण नाव टाका, आणि प्रॉडक्ट नेम या व्हॅल्यूवर तो थांबेल. त्यावरून की कळली, आणि नावाची आणि कोडची दोन्ही बाजूंनी खात्री झाली.

तरी ती की मी हाताने काढली नाही, आणि तुम्हीही काढू नका असं सांगेन. याच प्रॉडक्टच्या नोंदी फीचर्समध्ये, अपग्रेड कोड्समध्ये आणि लोकल मशीनमधल्या इन्स्टॉलर > युजर डेटाच्या आतही असतात, एक काढली आणि बाकी राहिल्या तर १७१४ जाऊन दुसराच नंबर येतो. अनइन्स्टॉलमधून प्रॉडक्ट कोड उचलला आणि वरच्या ट्रबलशूटरला दिला, त्याने सगळीकडून काढलं, रीस्टार्ट, नवीन सेटअप पहिल्या फटक्यात बसला.

सर्व्हिस, स्टार्टअप आणि राईट क्लिक

"ही सर्व्हिस आधीच अस्तित्वात आहे", नंबर १०७३, अशी एरर अँटीव्हायरस, व्हीपीएन, बॅकअप, डेटाबेस अशा सॉफ्टवेअरला जास्त येते. नोंद असते लोकल मशीन > सिस्टम > करंट कंट्रोल सेट > सर्व्हिसेसमध्ये, पण इथे हाताने की काढू नका, ही जागा नाजूक आहे, चुकीची गेली तर विंडोज सुरूच होणार नाही अशा सर्व्हिसेसही इथेच शेजारी बसलेल्या असतात. अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एससी डिलीट ही कमांड देऊन पुढे सर्व्हिसचं नाव द्या. नाव म्हणजे सर्व्हिसेसच्या यादीत दिसणारं लांब नाव नाही, त्यावर डबल क्लिक केलं की वर "सर्व्हिस नेम" असं छोटं नाव असतं ते. पॉवरशेलमध्ये करत असाल तर एससी नंतर डॉट ईएक्सई लावा, नाहीतर तिथे एससी चा अर्थ वेगळाच आहे आणि तो फाइलमध्ये मजकूर लिहायला जातो. १०७२ आला, म्हणजे "काढण्यासाठी खूण केली आहे", तर सर्व्हिसेसची खिडकी आणि टास्क मॅनेजर बंद करा, नाहीच झालं तर रीस्टार्ट.

मशीन सुरू होताच "अमुक फाइल सापडत नाही" किंवा रनडीएलएल नावाची खिडकी येते, ते तर सगळ्यात सोपं आहे. करंट व्हर्जनच्या खाली रन नावाची की असते, करंट युजरमध्येही आणि लोकल मशीनमध्येही, त्यात उजवीकडे ज्या ओळीत त्या हरवलेल्या फाइलचा पत्ता आहे ती एक ओळ काढायची. तिथे नसेल तर टास्क शेड्युलर बघा. सिसइंटर्नल्सचं (हा मायक्रोसॉफ्टचाच टूल्सचा संच) ऑटोरन्स नावाचं टूल ही सगळी ठिकाणं एकत्र दाखवतं आणि ज्यांची फाइल सापडत नाही त्या ओळी पिवळ्या करतं, शिवाय टिक काढली की नोंद नुसती बंद होते, उडत नाही, म्हणून नवीन माणसाला ते जास्त सुरक्षित आहे. राईट क्लिकच्या मेनूत काढलेल्या सॉफ्टवेअरचं नाव राहिलं असेल तर तेही ऑटोरन्सच्या एक्सप्लोरर टॅबमध्ये बऱ्याचदा सापडतं.

फाइल चुकीच्या प्रोग्रॅमने उघडतेय, हे मात्र रजिस्ट्रीत करू नका. ती निवड युजर चॉइस नावाच्या की मध्ये असते आणि तिला हॅश, म्हणजे कोणी हाताने बदललं का ते ओळखणारी खूण, लावलेला असतो, हाताने बदललं तर विंडोज ते मानत नाही. सेटिंग्जमधून डीफॉल्ट अ‍ॅप्समध्ये जाऊन बदला.

इन्स्टॉल होतं पण उघडल्यावर तीच एरर

इथे मी आधी फोल्डर बघतो, मग रजिस्ट्री. आजकाल बरेच प्रोग्रॅम सेटिंग्ज फाइलमध्ये ठेवतात आणि त्या तीन ठिकाणी असू शकतात: अ‍ॅपडेटा (तुमच्या युजर फोल्डरमधलं लपलेलं फोल्डर) मधलं रोमिंग, अ‍ॅपडेटा मधलं लोकल, आणि प्रोग्रॅम डेटा. प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, खाली घड्याळाजवळ आयकॉन असेल तर तिथूनही, आणि त्या कंपनीच्या फोल्डरचं नाव बदला, शेवटी जुनं असं लावा. डिलीट नाही, नाव बदला. परत उघडा. एरर गेली तर कळलं की बिघाड कुठे होता आणि तुमचा डेटाही जागेवर आहे.

नाही गेली तर तोच प्रकार रजिस्ट्रीत. एचकी करंट युजर > सॉफ्टवेअरमध्ये कंपनीच्या नावाची की असते, तिच्या आत प्रोग्रॅमची. एक्सपोर्ट करा आणि प्रोग्रॅमच्या की चं नाव बदला. कंपनीच्या अख्ख्या की ला हात लावू नका, त्याच कंपनीचं दुसरं काही तुमच्याकडे असू शकतं आणि त्याचं लायसन्स उडेल. मग लोकल मशीन > सॉफ्टवेअर आणि वाव ६४३२ नोडमध्येही बघा. एक लक्षात घ्या, नाव बदलायची ही युक्ती प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंग्जसाठीच आहे. अनइन्स्टॉलमध्ये की चं नाव बदललं तरी ती यादीत दिसतच राहते, कारण विंडोज तिथे आतला डिस्प्ले नेम वाचतं.

जुना ३२ बिटवाला प्रोग्रॅम असेल तर अजून एक लपलेली जागा आहे. विंडोज व्हिस्टापासून, लोकल मशीनमध्ये लिहायची परवानगी नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमचं लिखाण विंडोज गुपचूप करंट युजर > सॉफ्टवेअर > क्लासेस > व्हर्च्युअल स्टोअरमध्ये वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण लोकल मशीनमध्येच लिहिलंय. म्हणून तुम्ही लोकल मशीन साफ केलंत तरी तो जुनी सेटिंग वाचतो, ती इथून.

ऑफिसच्या मशीनवर काम करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तुमचं अकाउंट साधं असेल आणि रेजएडिट उघडताना दुसऱ्या कोणी अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला, तर समोर दिसणारं करंट युजर हे तुमचं नसतं, त्या अ‍ॅडमिनचं असतं. तुम्ही शोधत बसता, नोंद सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच्या सेटिंग्ज काढता. अशा वेळी तुमच्या लॉगिनमध्ये कमांड प्रॉम्प्टवर हूअ‍ॅमआय स्लॅश युजर देऊन आपला लांब आयडी बघा आणि रेजएडिटमध्ये एचकी युजर्सच्या खाली त्या आयडीची की उघडा, ते तुमचं.

तरीही पत्ता लागत नसेल

मग अंदाज बंद करा आणि प्रोसेस मॉनिटर घ्या, हेही सिसइंटर्नल्सचंच, फुकट, कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल किंवा की उघडतोय ते तो दाखवतो. चालू केलं की सेकंदाला हजारो ओळी धावतात, म्हणून आधी फिल्टर लावा, प्रोसेस नेममध्ये तुमच्या प्रोग्रॅमची किंवा सेटअपची फाइल. एमएसआय सेटअप असेल तर एमएसआय एक्झेक ही प्रोसेसही घ्या, कारण खरं काम ती करते. आता एरर येईपर्यंत प्रोग्रॅम चालवा, एरर आली की लगेच कॅप्चर थांबवा आणि शेवटाकडून वर वाचत या. "नेम नॉट फाउंड" च्या ढिगाने ओळी दिसतील, त्यातल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, प्रोग्रॅम चार ठिकाणी विचारून बघत असतो. "अ‍ॅक्सेस डिनाइड" दिसलं तर थांबा, ते बहुतेक तुमचं उत्तर आहे. आणि जी की सापडून, वाचून, लगेच पुढे एररची खिडकी उघडतेय ती दुसरी संशयित. त्या ओळीवर राईट क्लिक करून "जंप टू" म्हटलं की रेजएडिट थेट त्या जागी उघडतं.

परवानगीचा प्रश्न निघाला तर त्या एका की वर राईट क्लिक, परमिशन्स, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम यांना फुल कंट्रोल आहे का बघा, नसेल तर द्या. पण मालक म्हणून ट्रस्टेड इन्स्टॉलर लिहिलेलं असेल तर ती विंडोजची स्वतःची की आहे, तिथून मागे फिरा.

आणि रजिस्ट्री क्लीनर, त्याचं राहिलंच. एका क्लिकमध्ये आठशे चुका सापडल्या असं दाखवतात, पण त्यातली तुमची एरर कुठली हे त्याला माहीत नसतं, तो नुसता अंदाजाने काढतो. मायक्रोसॉफ्ट स्वतः अशी टूल्स वापरायला पाठिंबा देत नाही. त्यांचंच इन्स्टॉलर क्लीनअप नावाचं जुनं टूल होतं, तेही त्यांनी २०१० मध्ये मागे घेतलं कारण ते दुसऱ्या प्रोग्रॅमचे भाग बिघडवू शकत होतं. कुठे ते अजून डाउनलोडला दिसलं तर घेऊ नका. तसंच नावावरून शोधून एफ ३ दाबत दाबत दिसेल ते काढत जाणं, हेही तितकंच धोक्याचं आहे, छोटं नाव असेल तर ते दुसऱ्याच कुणाच्या लांब नावाच्या पोटात सापडतं, आणि व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या रनटाइमसारख्या गोष्टी तर एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम वापरत असतात.

एरर गेल्यावर लगेच आवराआवर करू नका. नाव बदललेली फोल्डरं, एक्सपोर्ट केलेल्या रेग फाइल्स दोन-तीन आठवडे तशाच ठेवा, त्या काळात तो प्रोग्रॅम एकदा अपडेट होऊ द्या, प्रिंट, सेव्ह, एक्सपोर्ट सगळं एकेकदा करून बघा. काही बिनसलं तर कुठली की बदलली होती ते रेग फाइलच्या नावावरून लगेच कळेल, डबल क्लिक केलं की ती परत जागेवर.